व्याह्यांसाठी पाच पिंपं

इंग्लंडमधल्या हाउन्सलोच्या कमलाकर टिपणीसांनी एकसष्ट वर्षांत दारूचा थेंब जिभेला लावला नव्हता, आणि तरीही दोन हजार सहा सालच्या मार्च महिन्यात त्यांच्या घरात, टॉवेलांच्या कपाटात, चाळीस पाइंट बिअर फसफसत होती. ती कुणी ठेवायला दिलेली नव्हती. टिपणीसांनी स्वतः, चष्मा लावून, पुस्तकात बोट ठेवून ती केली होती. का केली ते सांगायचं तर आधी जानेवारीतलं ग्लासगो सांगायला हवं.

टिपणीसांची एकुलती एक मुलगी मालविका ग्लासगोला डेंटिस्ट. तिनं तिथल्या इयनशी लग्न ठरवलं आणि आईबाबांना त्याच्या वडिलांना भेटायला बोलावलं. ॲलिस्टर नाव. आयुष्य जहाजांची इंजिनं दुरुस्त करण्यात गेलेलं, बायको जाऊन सहा वर्षं झालेली, बोलणं मोजकं. जेवायच्या आधी त्यांनी आतून बिअरचं एक पिंप आणलं. मिनी केग म्हणतात त्याला. पाच लिटरचं, गोडेतेलाच्या डब्याहून थोडं बुटकं, पत्र्याचं, वर रबरी बूच आणि खाली तांबडी तोटी. ते त्यांनी टेबलाच्या कडेला ठेवलं, वाकून ग्लास तिरपा धरला, हलक्या हातानं भरला आणि पहिला ग्लास टिपणीसांपुढे केला.

"घरची आहे," ॲलिस्टर म्हणाले. "महिनाभर तुमची वाट बघतेय."

टिपणीसांनी पानावर आडवा हात धरावा तसा ग्लासावर हात धरला. "नो, थँक यू. आय नेव्हर टच इट." एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण शांतता पसरली, आणि शांतता पसरली की काहीतरी उपयुक्त बोलावं असा टिपणीसांचा स्वभाव. त्यांनी लिव्हर या विषयावर चार शब्द सांगितले. ॲलिस्टरनी मान हलवत सगळं ऐकून घेतलं आणि ग्लास नेऊन सिंकजवळ ठेवला. त्या संध्याकाळी त्यांनी स्वतःही घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी स्टेशनवर मालविका म्हणाली, "बाबा, त्यांनी ते तुमच्यासाठी बनवला होता. प्यायचं नव्हतं तर नुसतं हातात धरायचं. तुमच्याकडे कोणी पुरणपोळी परत केली असती तर?"

पुरणपोळीचा दाखला टिपणीसांना लागला. बायकोच्या, आशाबाईंच्या, हातची पुरणपोळी त्यांनी गेली तीस वर्षं निम्म्या हाउन्सलोला आग्रह करकरून वाढली होती, आणि डायबेटिसचं निमित्त सांगून ती नाकारणाऱ्या एका गृहस्थांना पुढची चार वर्षं बोलावलं नव्हतं. गाडी सुटली तेव्हा मालविकानं आईला मिठी मारली आणि बाबांना नुसता हात केला. पुढे दर रविवारी तिचा फोन येई, आणि टिपणीसांनी उचलला की, "हाय बाबा, आई आहे?" एवढंच. टिपणीस रिसीव्हर आशाबाईंना देत आणि पेपर उघडून बसत. पेपरातलं एक अक्षर डोक्यात शिरत नसे. मुलगी परक्या घरात जाणार याचं त्यांना दुःख नव्हतं. आपण तिचे असून परके होतोय, याची भीती वाटत होती.

एप्रिलमध्ये हाउन्सलोला साखरपुडा ठरला. आशाबाई व्याह्यांच्या मानपानाची यादी करू लागल्या: शाल, श्रीफळ, चांदीची वाटी.

"शाल घेऊन तो माणूस काय करणार?" टिपणीस म्हणाले. "मान म्हणजे समोरच्याला आवडतं ते आपल्या हातचं करून घालणं. मी बिअर करणार."

आशाबाईंनी पेन खाली ठेवलं. "अहो, करायची कशाला? द्यायचीच तर कोपऱ्यावरून आणा की."

"तू व्याह्यांना विकतची पुरणपोळी वाढशील?"

आशाबाईंनी पेन पुन्हा उचललं. त्यांनी यादीत चांदीच्या वाटीखाली 'बिअर' असं लिहिलं.

शेजारचा रॉन हा निवृत्त पोस्टमन, आणि त्यानं तरुणपणी बऱ्याच बिअर केल्या होत्या. कुंपणावरून त्यानं टिपणीसांना यादी दिली: माल्टचा मोठा डबा, झाकणाची प्लॅस्टिकची बादली, नळी, थर्मामीटर आणि पाच मिनी केग. बाटल्या घेतल्या तर चाळीस लागतील आणि चाळीस वेळा धुवाव्या लागतील. पिंपं पाचच, आणि तोटी फिरवली की झालं. रॉनचा सल्ला मुळात एकच होता. "लीव्ह इट अलोन, मेट. सगळं स्वच्छ धू, उबेत ठेव आणि विसरून जा." विसरून जाणं टिपणीसांना या जन्मात जमलेलं नव्हतं. त्यांनी वही उघडली आणि दिवसातून तीनदा तापमान टिपायला सुरुवात केली.

ऊब म्हटलं की इंग्लंडच्या घरात एकच जागा, एअरिंग कपबर्ड. जिन्याच्या वरचं, गरम पाण्याच्या टाकीचं कपाट. लोक त्यात टॉवेल आणि इस्त्रीचे कपडे ठेवतात. आशाबाई शिवाय दह्याचं पातेलं आणि इडलीचं पीठ ठेवत, कारण हाउन्सलोत मार्चमध्ये दुसरीकडे कुठेही काही आंबत नाही. मधल्या फळीवर तीस वर्षांचा त्यांचा ताबा होता. टिपणीसांनी बादलीसाठी खालची जागा मागितली, ती वाटाघाटींनंतर मिळाली, आणि वर दही, मध्ये पीठ, खाली बिअर अशी मांडणी झाली. तिन्हींवर फडकी होती. रात्रंदिवस तिन्ही आपापल्या परीनं वर येत होती.

त्याच कपाटात टिपणीसांचे शर्ट असत, हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही.

टिपणीस विमानतळावर एका कार्गो कंपनीच्या कचेरीत कागदपत्रं बघत. सत्तावीस वर्षांत एकदाही उशीर नाही. आठवड्याभरात शेजारची मंडळी खुर्च्या जरा लांब सरकवायला लागली, आणि शुक्रवारी त्यांच्या निम्म्या वयाच्या मॅनेजरबाईंनी त्यांना 'क्वाएट वर्ड'साठी, म्हणजे खाजगीत दोन शब्द बोलायला, आत बोलावलं. दार लावून घेतलं. "कमलाकर, इथे तुम्हाला कुणी जज करणार नाही," त्या अगदी मायेनं म्हणाल्या. "घरी सगळं ठीक आहे ना? सकाळी सकाळी वास येतो, म्हणून विचारलं."

"मी पीत नाही," टिपणीस म्हणाले. "मी फक्त करतो. कपाटात."

बाईंनी हळूच मान हलवली. त्यांच्या एका काकांनीही सुरुवातीला असंच सांगितलं होतं, म्हणाल्या. मग त्यांनी टिपणीसांच्या हातात एक पत्रक दिलं. पहिल्या पानावर, समुद्राकडे बघत बसलेल्या माणसाच्या चित्राखाली, 'पहिलं पाऊल म्हणजे कबुली' असं लिहिलं होतं. टिपणीसांना घरी येईपर्यंत बसमध्ये घाम फुटत होता. आयुष्यभर जपलेलं नाव असं एका शर्टापायी जातं. बरं, खुलासा करावा तर तो प्रत्येक वाक्यागणिक अधिक संशयास्पद होत जातो.

हॉलचंही तेच झालं. साखरपुड्यासाठी जवळचा कम्युनिटी हॉल घ्यायचा होता. फॉर्मवर चौदावा प्रश्न होता, मद्य विकणार किंवा पुरवणार का? दुसऱ्या कुणीही 'नाही' लिहून सही केली असती. टिपणीसांनी उत्तराला एक स्वतंत्र कागद जोडला. बुकिंगच्या बाई चांगल्या होत्या. फुकट देणार असाल तर हरकत नाही, म्हणाल्या, पण गॅसच्या दाबाची भांडी आमच्या इन्शुरन्समध्ये बसत नाहीत. एकूण किती आहेत? टिपणीसांनी प्रामाणिकपणे हिशोब केला. पिंपं पाच, आणि वरणभाताचे प्रेशर कुकर तीन. आठ. बाईंनी आठ आकडा लिहिला, त्याकडे थोडा वेळ बघितलं आणि फॉर्म परत दिला.

"घरीच करू," आशाबाई म्हणाल्या. "पंचवीस माणसं मावतील. नाही मावली तर बागेत उभी राहतील."

मग तिथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षा सुहासिनीताईंचा फोन आला. टिपणीसांनी हातभट्टी लावल्याची बातमी तोवर पार शेजारच्या स्लाउ गावापर्यंत पोचली होती. मंडळाच्या युवा शिबिरात व्यसनमुक्तीवर बोलायला बारा वर्षं टिपणीसच उभे राहत. "नाही, बाकी काही नाही," सुहासिनीताई म्हणाल्या, "यंदा तुमचं भाषण ठेवायचं की नाही, तेवढं कळलं असतं तर पत्रिका छापायला दिली असती." टिपणीसांनी ठेवा म्हणून सांगितलं, पण आवाजात पूर्वीचा जोर नव्हता.

बिअर पिंपांत भरायचा दिवस उजाडला. प्रत्येक पिंपात थोडी साखर घालायची. ती बंद पिंपात आंबते आणि बिअरला फेस येतो. टिपणीसांनी ती काट्यावर तोलून, पाण्यात उकळून घेतली. नळी धुतली, बुचं धुतली, पिंपं जंतुनाशक औषधाच्या पाण्यानं दोनदा विसळली. पुस्तकात जे जे धुवायला सांगितलं होतं ते ते धुतलं. साखरेचं पाणी बादलीत ढवळायला लांब दांड्याचा डाव हवा होता. तो आशाबाईंनी दिला. डाव घरचाच होता. सकाळी इडलीच्या पिठात होता आणि फडक्यानं पुसलेला होता. पुस्तकात डावाचा उल्लेख नव्हता, त्यामुळे तो कुणी औषधात बुडवला नाही.

रॉन कुंपणापाशी उभाच होता. "एक घोट दे, चव सांगतो."

"पाहुण्यांच्या आधी नाही," टिपणीस म्हणाले.

रॉनला वाटलं हा माणूस चिक्कू आहे. पण टिपणीसांना दुसरं काही सुचूच शकत नव्हतं. नैवेद्याच्या स्वयंपाकाची चव घेत नाहीत, मीठ अंदाजानं घालतात आणि देवावर सोडतात. ज्याच्यासाठी केलं त्याच्याआधी ते उष्टं करायचं नसतं, हे त्यांच्या आईनं त्यांना चटका देऊन शिकवलं होतं. स्वतः तर ते पीत नव्हतेच. अशा रीतीनं चाळीस पाइंट बिअर तयार झाली आणि ती कशी लागते हे पृथ्वीच्या पाठीवर कुणालाही ठाऊक नव्हतं.

दहाव्या दिवशी कपाटातलं एक पिंप फुगलं. वरची-खालची चकती बाहेर आली, त्यामुळे ते ताठ उभं राहीना, नुसतं डोलायला लागलं. टिपणीसांनी रॉनला हाक मारली. बुचातली बारीक खीळ जराशी फिरव, हवा जाऊ दे, रॉन खालून ओरडला. जराशी म्हणजे किती, हे विचारायला टिपणीस खिळीवर हात ठेवूनच वाकले तेवढ्यात बूचच निघालं. फेस छताला लागला, तिथून टॉवेलांवर आला, आणि साखरपुड्यासाठी इस्त्री करून ठेवलेले सहाही टेबलक्लॉथ न्हाऊन निघाले. टिपणीसांच्या चष्म्यावरून थेंब गळत होते.

आशाबाई जिन्यात उभ्या होत्या. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी नाक वर करून वास घेतला. "अहो, आंबूस येतोय."

"बिअर आंबवूनच करतात," टिपणीस म्हणाले. मग, चष्मा पुसता पुसता, हळू आवाजात, "आशा, हे बिघडलं तर माझ्याकडे दुसरं काही नाही गं." आशाबाईंनी त्यांच्या हातून चष्मा घेतला आणि आपल्या पदरानं नीट पुसून दिला. उरलेली चार पिंपं त्या दिवसापासून त्या स्वतः जपायला लागल्या.

साखरपुड्याच्या शनिवारी दुपारी ग्लासगोची मंडळी आली. ॲलिस्टर सुटाबुटात होते. दारात सगळ्यांचे जोडे बघून त्यांनी न सांगता बूट काढले. फ्रंट रूममध्ये पंचवीसच्या जागी चौतीस माणसं होती. टिपणीसांनी व्याह्यांना शाल पांघरली, नारळ दिला. मग हाताला धरून त्यांना कोपऱ्यातल्या टेबलापाशी नेलं. तिथे धुतलेल्या टेबलक्लॉथवर चार पिंपं ओळीनं उभी होती, आणि प्रत्येकाला आशाबाईंनी हळदीकुंकवाचं बोट लावलेलं होतं.

टिपणीस वाकले. तोटी फिरवली. नुसता फेस आला. त्यांनी तो टाकला, पुन्हा धरला, पुन्हा टाकला. तिसऱ्या खेपेला अर्धा ग्लास गढूळ पिवळं काहीतरी जमलं. दोन्ही हातांनी त्यांनी तो पुढे केला.

ॲलिस्टरनी छातीवर हात ठेवला. "नो, थँक यू, कमलाकर. तुमच्या घरात नाही."

टिपणीस तसेच उभे राहिले. ग्लास परत घ्यावा तर हात मागे येईना. चौतीस माणसांनी माना वळवल्या होत्या आणि सुहासिनीताई अतिशय समजूतदार चेहरा करून पंख्याकडे बघत होत्या. असं होतं तर, टिपणीसांच्या मनात आलं. असं वाटतं माणसाला. सिंककडे चालत गेलेली ती पाठ त्यांना आठवली, आणि लाजेनं त्यांचे कान तापले. इतके दिवस मुलगी रागावली म्हणून ते कष्टी होते. त्या माणसाला काय वाटलं असेल हे त्यांना आज, आत्ता, या क्षणी कळत होतं.

आशाबाईंनी कानात सगळं सांगितल्यावर मालविका गर्दीतून वाट काढत आली. साडीचा पदर तिनं खोचला होता. "बाबा, थांबा. तुम्हाला माहीत नाही. ॲलिस्टरनी गाडीत सगळ्यांकडून प्रॉमिस घेतला. तुमच्या घरात कोणी ड्रिंकला टच नाही करायचं. त्यांना वाटतं त्यांनी तेव्हा तुम्हाला हर्ट केलं." मग ती ॲलिस्टरांकडे वळली आणि इंग्रजीत म्हणाली, "ही बाबांनी स्वतः केलीय. तुमच्यासाठी. ते पीत नाहीत, आणि त्यांनी ही केलीय."

ॲलिस्टर गुडघ्यावर बसले. तोटी बघितली, बूच बघितलं, पत्र्यावरच्या कुंकवाला हलकेच बोट लावून बघितलं. बराच वेळ ते उठले नाहीत. उठले तेव्हा डोळे लाल होते. "आय'ल हॅव दॅट ग्लास, प्लीज," म्हणाले.

"मी पण घेतो," टिपणीस म्हणाले. "तेव्हा माझं चुकलं."

आशाबाईंच्या हातून लाडवांचं ताट जरा कललं. टिपणीसांनी दुसरा ग्लास भरला, पाहुण्यांनी ओठाला लावेपर्यंत थांबले, आणि मग एकसष्ट वर्षांचा नेम मोडून एक मोठा घोट घेतला.

तो घोट तोंडातून पुढे जायला तयार नव्हता. चार दिवसांच्या शिळ्या ताकात कुणी कडू काढा ओतावा आणि वर इडलीचं पीठ खळबळून टाकावं, तसं ते होतं. टिपणीसांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी ॲलिस्टरांकडे बघितलं. ॲलिस्टरांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नव्हती, आणि ते दुसरा घोट घेत होते.

"थांबा!" टिपणीस म्हणाले. "पिऊ नका. हे भयंकर आहे."

"आहे," ॲलिस्टर म्हणाले.

"मग पिताय कशाला?"

"तुम्ही माझ्यासाठी केलीत." त्यांनी ग्लास उजेडात धरला. "कमलाकर, मी पंधरा वर्षांचा असल्यापासून पितोय. इतकी वाईट बिअर मला कुणी दिली नव्हती."

घरच्या माणसाशिवाय तोंडावर असं कुणी सांगत नाही. टिपणीसांना अपमान वाटायला हवा होता. त्यांना एकदम हलकं वाटलं. आशाबाईंनी ग्लासात करंगळी बुडवून चाटली. "अहो, हे ताक झालंय." सुहासिनीताईंनी मागून, हिंग-जिरं लावून बघा, अशी सूचना केली, आणि मग जी हसाहस झाली तिच्यात भटजींनी मुहूर्त जवळ आल्याचं सांगितलेलं कुणाला ऐकू गेलं नाही.

ॲलिस्टर मात्र इंजिनांचे डॉक्टर. बिघाड कुठे झाला ते बघितल्याशिवाय त्यांना चैन पडेना. खांद्यावर शाल, पायांत मोजे, हातात ग्लास, असे ते टिपणीसांच्या मागोमाग जिना चढले. टिपणीसांनी एअरिंग कपबर्ड उघडून दाखवलं. वर दह्याचं पातेलं. मध्ये इडलीचं पीठ. खाली रिकामी बादली आणि तिच्यात डाव.

"हे दही," टिपणीस म्हणाले. "हे रोज असतं."

ॲलिस्टरनी दह्याकडे बघितलं, पिठाकडे बघितलं, डाव उचलून त्याचा वास घेतला. मग ते तिथेच जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले आणि खांदे हलवत, आवाज न करता हसायला लागले. हसता हसता त्यांनी डोळे पुसले. त्यांची बायको असती तर, म्हणाले, तिनं ही गोष्ट वर्षभर सगळ्या गल्लीला सांगितली असती. टिपणीस त्यांच्या शेजारी टेकले. काय बोलावं ते त्यांना सुचलं नाही, आणि या वेळी त्यांनी काही बोलायचा प्रयत्नही केला नाही. दोघं आपापला ग्लास धरून बसून राहिले.

खालून मालविका आली. "बाबा, भटजी चिडलेत. रिंग घालायचा टाइम होतोय." वर बघितल्यावर ती अर्ध्या जिन्यात थांबली. मग साडी सावरत वर आली आणि त्यांच्या खालच्या पायरीवर बसली. बाबांच्या हातातला ग्लास तिनं काढून घेतला, एक घोट घेतला, डोळे गच्च मिटले.

"हॉरिबल आहे," ती म्हणाली, आणि तिनं डोकं बाबांच्या गुडघ्यावर टेकवलं.

खाली चौतीस माणसं अंगठीसाठी खोळंबली होती. आशाबाई हाका मारत होत्या. टिपणीसांनी 'आलो' म्हणून ओ दिली, पण जागचे हलले नाहीत.